समवाय की संयोग? : वर्धा शिक्षणयोजनेतील एका संज्ञेची चिकित्सा

१

परकीय संज्ञा स्वभाषेत आणताना दोन प्रकारच्या अडचणी उद्भवतात. कधी मूळ कल्पना पेलणारा शब्दच स्वभाषेत नसतो. तो घडवावा लागतो. कधी मात्र स्वभाषेतील शब्द मूळ संज्ञेहून अधिक अर्थवाही असतो आणि वापरणारे त्याचा अर्थ मूळ संज्ञेच्या मापाने कापून घेतात. ही दुसरी अडचण सहसा ध्यानात येत नाही. शब्द जागेवर असतो, रूढही असतो. फक्त त्याचे बळ गेलेले असते. मराठी शिक्षणशास्त्रातील 'समवाय' ही संज्ञा या दुसऱ्या प्रकारात मोडते. अध्यापनविद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांत ती 'कोरिलेशन' या इंग्रजी संज्ञेचा सरळ पर्याय म्हणून येते. इतिहास शिकविताना नकाशा दाखविला की भूगोलाशी समवाय साधला, कविता शिकविताना चित्र काढून घेतले की चित्रकलेशी समवाय साधला, असे तिचे आजचे उपयोजन आहे. ज्या शिक्षणयोजनेच्या विचारमंथनात हा शब्द पुढे आला, तिला एवढेच अभिप्रेत होते काय, हा प्रश्न तपासून पाहण्यासारखा आहे.

या प्रश्नाचे मूळ वर्ध्यात आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने चार ठराव केले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, आणि शिक्षकांच्या वेतनाचा भार कालांतराने या पद्धतीतूनच निघावा ही अपेक्षा, हे त्यांपैकी तीन होत. उरलेला ठराव प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. शिक्षणाची सारी प्रक्रिया एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती केंद्रित असावी आणि मुलाच्या इतर शक्तींचा विकास, मुलाची परिस्थिती ध्यानात घेऊन, शक्य तितका त्या उद्योगाशी निगडित असावा, असा त्याचा आशय आहे. हे निगडित असणे कोणत्या प्रकारचे, हे सांगण्यासाठी ठरावाच्या इंग्रजी पाठात 'इंटिग्रली' हे क्रियाविशेषण आले आहे.

ठराव प्रत्यक्षात आणण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तीत आर्यनायकम्, आशादेवी, विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलाम सय्यदैन आणि के. टी. शाह ही मंडळी होती. समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी आपला अहवाल सादर केला. या अहवालाभोवती आणि त्यापाठोपाठ सिद्ध झालेल्या अभ्यासक्रमांभोवती जी चर्चा वाढली, तीत 'कोरिलेशन' ही संज्ञा स्थिर झाली. कताईशी गणित कसे जोडावे, शेतीशी निसर्गविज्ञान कसे जोडावे, याचे तक्ते तयार झाले. परिषदेच्या ठरावात एक शब्द आणि योजनेच्या कार्यवाहीत दुसरा, असा हा प्रकार आहे. दोन्ही शब्द जोडण्याचेच वाचक असल्यामुळे त्या वेळी हा पालट फारसा कोणाला खटकला नसावा. परंतु त्यांच्या अर्थांतील अंतर लहान नाही.

२

'कोरिलेशन' या शब्दाच्या पोटात 'एकत्र' आणि 'परत नेणे' अशा दोन लॅटिन अर्थांशांचा मेळ आहे. दोन वस्तू परस्परांकडे नेऊन त्यांचा संबंध लावणे, हा त्याचा मूळ भाव. त्यात वस्तू दोन आहेत हे गृहीत असते आणि संबंध लावल्यानंतरही त्या दोनच राहतात. १८८८ साली फ्रान्सिस गॉल्टन यांनी मनुष्यशरीराच्या मापांच्या अभ्यासात हाच शब्द संख्याशास्त्रीय अर्थाने योजला. माणसाची उंची आणि त्याच्या हाताची लांबी यांत सहसंबंध आहे असे म्हटल्याने उंची म्हणजेच हाताची लांबी असे कोणी समजत नाही. एक वाढली असता दुसरी किती वाढण्याचा संभव आहे, एवढेच त्यातून कळते. मराठीत संख्याशास्त्राने स्वीकारलेला 'सहसंबंध' हा पर्याय या दृष्टीने अगदी नेमका आहे.

शिक्षणशास्त्रात हा शब्द हर्बार्टच्या परंपरेतून आला. विद्यार्थ्याच्या मनात पूर्वी रुजलेल्या कल्पनांच्या आधारे नवी कल्पना ग्रहण केली जाते, या हर्बार्टच्या सिद्धांतावर त्सिलर आदी अनुयायांनी विषयांच्या केंद्रीकरणाची पद्धती उभारली. अमेरिकेत १८९५ सालच्या 'पंधरा जणांच्या समिती'च्या अहवालात अभ्यासविषयांच्या परस्परसंबंधाची सविस्तर चर्चा झाली. या साऱ्या विचारात विषय आधीपासून वेगवेगळे आहेत, त्यांच्या चौकटी ठरलेल्या आहेत आणि शिक्षकाने त्यांच्यामध्ये पूल बांधावयाचे आहेत, अशी भूमिका दिसते. पूल कितीही पक्का असला तरी त्याच्या दोन्ही अंगांना दोन तीर असावे लागतात. ही भूमिका मुळातच अपुरी आहे, हे जॉन ड्यूई यांना जाणवले होते. शाळेचा जीवनाशी संबंध जुळला की विषयांचा परस्परसंबंध आपोआप येतो, असे त्यांनी १८९९ मध्ये 'स्कूल अँड सोसायटी' या ग्रंथात प्रतिपादिले.

'इंटिग्रेशन'ची व्युत्पत्ती याच्या उलट दिशेची आहे. ज्याला स्पर्श झालेला नाही ते अक्षत, म्हणून पूर्ण, असा त्याच्या मूळ लॅटिन विशेषणाचा अर्थ. गणितातील पूर्णांकाचे इंग्रजी नाव त्याच विशेषणातून आले आहे. या शब्दाच्या मुळाशी जोडण्याची क्रिया नाही, अखंडत्वाची अवस्था आहे. व्यवहारात तो विखुरलेले भाग एकत्र आणण्यासाठी वापरला जातो हे खरे. तथापि एकत्र आणल्यानंतर जे उरते ते भागांची बेरीज नसून एक वस्तू असते, ही अपेक्षा त्यातून सुटत नाही. गणितशिक्षण कताईशी 'कोरिलेट' करावे असे म्हणणारा मनुष्य दोन वस्तू समोर ठेवून बोलतो. ते कताईशी 'इंटिग्रली' निगडित असावे असे म्हणणाऱ्याच्या दृष्टीसमोर एक वस्तू असते आणि तिची दोन अंगे असतात. वर्धा परिषदेचा ठराव ही दुसरी दृष्टी बाळगतो.

३

हाच भेद भारतीय दर्शनांत फार पूर्वी आणि फार काटेकोरपणे मांडला गेला आहे. वैशेषिक दर्शनात 'संयोग' आणि 'समवाय' हे दोन संबंध निराळ्या पदार्थांत गणले जातात. संयोग हा चोवीस गुणांपैकी एक गुण. समवाय हा स्वतंत्र पदार्थ. संयोग द्रव्याद्रव्यांतच संभवतो. तो उत्पन्न होतो आणि विभागाने नष्ट होतो. ससाणा उडत येऊन खांबावर बसला तर एकाच्या हालचालीने संयोग घडतो. दोन मल्ल परस्परांना भिडले तर दोघांच्या हालचालीने घडतो. बोटाचा झाडाला स्पर्श झाला म्हणून शरीराचाही झाला असे म्हणतो, तेव्हा संयोगातूनच संयोग घडतो. शिवाय संयोग द्रव्याला सर्वांगाने व्यापीत नाही. ससाणा खांबाच्या टोकावर असतो, बुंध्याशी नसतो. आणि ससाणा उडून गेल्यावर खांबाचे काही बिघडत नाही.

समवाय 'अयुतसिद्ध' वस्तूंचा असतो. ज्या दोहोंपैकी एक वस्तू जोवर आहे तोवर दुसरीच्या आश्रयानेच राहते, त्या अयुतसिद्ध. अवयव आणि अवयवी, गुण आणि गुणी, क्रिया आणि क्रियावान, जाती आणि व्यक्ती, विशेष आणि नित्यद्रव्य अशा पाच जोड्या परंपरेने सांगितल्या आहेत. तंतू आणि पट हे पहिल्या जोडीचे प्रसिद्ध उदाहरण. पट तंतूंत समवायाने राहतो; तंतू काढून घेतले तर पट वेगळा उरत नाही. म्हणून वेगळे करून पाहणे हीच या दोन संबंधांची कसोटी ठरते. वेगळे केल्यावर दोन्ही वस्तू शाबूत राहिल्या तर तो संयोग. एक नाहीशी झाली तर समवाय.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. 'समवाय' शब्दाचा हा शास्त्रीय अर्थ सर्वत्र रूढ नव्हता. सामान्य संस्कृतात त्याचा अर्थ समूह, मेळावा असाही आहे. गीतेच्या पहिल्याच श्लोकात कुरुक्षेत्रावर 'समवेत' झालेली सैन्ये आहेत, आणि ती अयुतसिद्ध नव्हेत हे सांगावयास नको. आजच्या पाठ्यपुस्तकांतील 'समवाय' या सैल अर्थाकडे झुकतो. शब्दाला हा आधार आहे, एवढे पाठ्यपुस्तककारांच्या बाजूने म्हणता येईल. परंतु शिक्षणविचारात हा शब्द ज्यांनी रुजविला त्यांना मेळाव्याचा अर्थ अभिप्रेत नव्हता.

४

नयी तालीमच्या पद्धतीला 'समवाय' हे नाव देऊन त्याचा आग्रह विनोबांनी धरला. १९२१ पासून ते वर्ध्यात होते. कताईचे, तकलीचे आणि ग्रामसेवेचे प्रयोग त्यांनी याच परिसरात केले आणि १९३८ मध्ये ते पवनारला धाम नदीच्या काठी राहावयास गेले. संस्कृत दर्शनग्रंथांचा त्यांचा व्यासंग पाहता शब्दाची ही निवड सहज झालेली नाही. 'शिक्षणविचार' या संग्रहातून त्यांनी 'समुच्चय' आणि 'समवाय' यांत केलेला भेदही तेच सुचवितो. थोडा वेळ उद्योग आणि थोडा वेळ अभ्यास, असे दोघांना सारखे महत्त्व देऊन शेजारी बसविणे हा समुच्चय. उद्योगातूनच ज्ञान आणि ज्ञानातूनच उद्योग उमलणे हा समवाय. 'समुच्चय' हा शब्दही दर्शनांतील वादाची स्मृती जागवितो, कारण ज्ञान आणि कर्म यांच्या समुच्चयाने मोक्ष मिळतो या मताचे खंडन शंकराचार्यांनी गीताभाष्याच्या आरंभीच केले आहे.

अशा भेदाची सवय विनोबांच्या विचाराला पूर्वीपासूनच होती. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या गीताप्रवचनांत त्यांनी 'विकर्म' या शब्दाला स्वतंत्र अर्थ दिला. बाहेरचे कर्म आणि त्यात ओतलेले आतले मन यांचा मेळ पडला की कर्माचे ओझे नाहीसे होऊन 'अकर्म' निष्पन्न होते, असे ते विवरण आहे. तेथेही कर्म आणि विकर्म शेजारी ठेवून भागत नाही. दोहोंच्या मीलनातून तिसरीच अवस्था निपजावी लागते. शिक्षणातील समवायाची कल्पना या मांडणीची जवळची नातलग आहे.

तथापि विनोबांनी समवाय समजावून सांगण्यासाठी योजलेला दृष्टान्त पाहिला की एक महत्त्वाची विसंगती उघड होते. तो दृष्टान्त माती आणि घडा यांचा आहे. घडा आणि माती एकच म्हणावे, तर नुसत्या मातीत पाणी भरता येत नाही. दोन म्हणावे, तर माती परत देऊन घडा स्वतःकडे ठेवता येत नाही. उद्योग आणि ज्ञान यांचे नाते असे आहे, हा त्याचा इत्यर्थ. आता, वैशेषिक मताने कार्य आणि कारण ही निश्चितपणे दोन आहेत. समवाय त्या दोहोंना जोडतो. 'एकही म्हणता येत नाही आणि दोनही म्हणता येत नाही' ही भाषा वेदान्ताची आहे, आणि मृत्तिका व घट हा छांदोग्य उपनिषदातील आरुणीच्या उपदेशापासून चालत आलेला वेदान्ताचा आवडता दृष्टान्त आहे. वेदान्ताने तर समवाय हा पदार्थच नाकारला. दोन वस्तूंना जोडण्यासाठी समवाय हवा, तर त्या समवायाला वस्तूंशी जोडण्यासाठी दुसरा समवाय हवा, त्याला तिसरा, अशी अनवस्था येते, हा शंकराचार्यांचा ब्रह्मसूत्रभाष्यातील आक्षेप सुप्रसिद्ध आहे. त्याऐवजी वेदान्ती 'तादात्म्य' मानतात.

म्हणजे विनोबांनी शब्द वैशेषिकांकडून घेतला आणि दृष्टान्त वेदान्तातून घेतला. हा प्रमाद मानावयाचा की काय? दर्शनशास्त्राच्या परीक्षेत तो प्रमाद ठरेल. शिक्षणविचारात मात्र त्यामागे एक गरज दिसते. 'तादात्म्य' म्हटले असते तर उद्योग हेच ज्ञान असा अर्थ झाला असता आणि शाळा कारखाना बनण्याचे भय, जे या योजनेच्या अनेक टीकाकारांनी बोलून दाखविले, ते खरे ठरले असते. 'संयोग' म्हटले असते तर जुनीच शाळा राहून तीत चरख्याची भर पडली असती. भेद राखणारा आणि तरी विभाग न सोसणारा शब्द हवा होता, आणि तो वैशेषिकांपाशीच होता. शब्दाच्या पाठीमागील तत्त्वज्ञान विनोबांनी स्वीकारले नाही. त्याची धार तेवढी घेतली.

५

ही धार प्रत्यक्ष पाठावर लावून पाहिली तर तिचा उपयोग कळतो. उदाहरण वर्ध्याच्या उद्योगाचेच घेता येईल. सुताचा अंक म्हणजे एक रत्तल वजनात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तो आकडा. एखाद्या मुलाने २१० वार सूत कातले आणि त्याचे वजन एका रत्तलाचा ऐंशीवा भाग भरले, तर लडीचा पाव भाग भागिले एक-ऐंशी, म्हणून सूत २० अंकाचे. हा अपूर्णांकांचा भागाकार या उद्योगाला वरून चिकटविलेला नाही. तो वगळला तर मुलाला आपले सूत बारीक आले की जाड हे बोटांच्या स्पर्शाने अंदाजता येईल, पण त्याचा अंक ठरविता येणार नाही. आणि अंक ठरला नाही तर वाण्यासाठी एकसारखे सूत निवडता येणार नाही. गणित काढून घेतले की उद्योगच अधू होतो. म्हणून येथे समवाय आहे.

आता दुसरा पाठ पाहावा. मुले कातत असताना शिक्षक ईस्ट इंडिया कंपनीच्या कापडव्यापाराची हकीकत सांगतो. हकीकत सांगितली नाही तरी सूत तितकेच चांगले निघते, आणि चरखा नसलेल्या वर्गातही ती हकीकत तितकीच चांगली सांगता येते. दोन्ही वस्तू शाबूत राहतात. म्हणून हा संयोग. पुढे हाच संयोग ताणला जाऊन हास्यास्पद होतो. सुताच्या धाग्यावरून सूत्रग्रंथांकडे, सूत्रग्रंथांवरून पाणिनीकडे, अशी शिक्षकाची उडी जाते आणि तक्त्यात 'समवाय साधला' अशी नोंद होते. नयी तालीमची जी थट्टा झाली तिच्या मुळाशी बहुतांशी असे पाठ होते. त्यांचा दोष योजनेचा होता की संज्ञेच्या सैल वापराचा होता, हे टीकाकारांनी वेगळे करून पाहिले नाही.

इतिहासाचा समवाय अशक्यच आहे, असे मात्र नव्हे. अभ्यासक्रमकारांनी एक केंद्र न मानता हस्तोद्योग, नैसर्गिक परिसर आणि सामाजिक परिसर अशी तीन केंद्रे मानली, यात त्यांची सूक्ष्म दृष्टी दिसते. वर्धा जिल्हा काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात दूरच्या बाजारांत नावाजलेला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला मागणी आली. याच काळात, १८६२ साली, नागपूरपासून वेगळा करून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला; १८६७ मध्ये मुंबईहून लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. आपले गाव या लोहमार्गाजवळ का वाढले, बापाच्या शेतात ज्वारीच्या जोडीला कापूस का आला, या प्रश्नांतून इतिहास काढून टाकला तर प्रश्नच उरत नाहीत. येथे इतिहासाचा समवाय चरख्याशी नसून मुलाच्या गावाशी आहे. समवायाचा आश्रय कोणता हे ओळखण्यात चूक झाली की खरा समवायही संयोगाच्या पातळीवर उतरतो.

वैशेषिकांच्या गुणविचारातून याला आणखी आधार मिळतो. संख्या, परिमाण, पृथक्त्व, संयोग आणि विभाग हे गुण नऊही द्रव्यांत राहतात. ज्याच्यात मोजणे नाही असा उद्योग नाही, म्हणून अंकगणित कोणत्याही उद्योगात समवायाने सापडते. काव्य, नीतिकथा, दूरच्या देशांचा वृत्तान्त यांचे तसे नाही. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय सल्लागार मंडळाच्या समितीने १९३८ मध्ये असे मत दिले की, मूलोद्योगाशी जोडता न येणारे सांस्कृतिक विषयांतील काही भाग स्वतंत्रपणे शिकविले पाहिजेत. या शिफारशीकडे वर्धा योजनेतील माघार म्हणून पाहिले गेले. वस्तुतः ती माघार नसून समवाय या संज्ञेचा आदर आहे. जेथे समवाय नाही तेथे तो असल्याचा देखावा न करणे हे संज्ञेशी इमान राखणेच होय. संयोग कोणाचाही कोणाशीही करता येतो. समवाय तसा करता येत नाही, तो असतो अथवा नसतो.

६

मग ही संज्ञा कशी झिजली? १९३८ च्या एप्रिलमध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन होऊन सेवाग्राम हे या कार्याचे केंद्र बनले, आणि जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेत नयी तालीमची व्याप्ती गर्भापासून वार्धक्यापर्यंतच्या साऱ्या जीवनाएवढी करण्यात आली. परंतु योजना जसजशी शासकीय प्रशिक्षणविद्यालयांत पसरली, तसतसा शब्द पाठाच्या टाचणवहीत शिरला. तपासणाऱ्याला दिसेल अशा रकान्यात समवाय भरावयाचा, तर तो प्रत्येक पाठात सापडलाच पाहिजे. असा सापडणारा समवाय अर्थातच संयोग असतो. 'उभा समवाय', 'आडवा समवाय', 'प्रासंगिक समवाय' असे त्याचे प्रकार पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. यांपैकी 'प्रासंगिक समवाय' ही तर शब्दशः वदतोव्याघाताची जागा आहे; जो प्रसंगाने येतो व प्रसंगाने जातो तो समवाय नव्हे, ही त्या शब्दाची पहिली अट आहे.

पुढील इतिहास त्याच वळणाचा आहे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव हा सर्व शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा असे सुचविले. पुन्हा एकदा 'इंटिग्रल' हाच शब्द अहवालात आला आणि पुन्हा एकदा प्रत्यक्षात वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाची वेगळी तासिका आली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हे नाव सुचविले. त्याचीही गत फारशी निराळी झाली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व शास्त्र, अभ्यास व अभ्यासेतर, व्यवसाय व विद्या यांच्यामध्ये कठोर भिंती असू नयेत असे म्हटले असून 'एकात्मिक' हा शब्द आता सर्वत्र ऐकू येतो. भिंत पाडण्याची भाषा आली म्हणून खोली एक झाली असे होत नाही. भिंत पाडूनही दोन्ही बाजूंचे सामान आपापल्या जागी तसेच ठेवता येते. 'एकात्मिक' या शब्दाच्या वाट्याला 'समवाया'चीच झीज येऊ नये असे वाटत असेल, तर वेगळे करून पाहण्याची जुनी कसोटी त्यालाही लावावी लागेल.

७

येथवरचे विवेचन संयोगाला गौण आणि समवायाला श्रेष्ठ ठरविणारे वाटण्याचा संभव आहे. दर्शनशास्त्राचा निर्णय इतका एकेरी नाही. पटाची कारणे सांगताना नैयायिक तीन प्रकार करतात. तंतू हे समवायी कारण; विणकर, मागाचा धोटा इत्यादी निमित्तकारण; आणि तंतूंचा परस्परसंयोग हे असमवायी कारण. तंतू परस्परांना जोडले गेल्याखेरीज पट उत्पन्न होत नाही, आणि तो संयोग उसवला की पट नाहीसा होतो. म्हणजे समवायाने राहणारी वस्तू संयोगामुळेच अस्तित्वात येते. शिक्षकाने तक्ते करावेत, विषय शेजारी आणावेत, प्रसंग साधावेत, हे सारे तंतूंचे संयोग होत. ते आवश्यक आहेत. दोष एवढाच की शेजारी रचलेल्या तंतूंनाच पट समजून काम थांबविले जाते.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. वैशेषिक मताने ज्ञान हा गुण कशात राहतो? तो उद्योगात राहत नाही, पुस्तकात राहत नाही. तो आत्म्यात राहतो. क्रिया हातात राहते. आणि हातातील क्रिया घडते ती आत्म्याच्या संयोगाने व त्याच्या प्रयत्नाने, असे कणादाच्या सूत्रांत सांगितले आहे. हे काटेकोरपणे घेतले तर उद्योग आणि ज्ञान यांच्यामध्ये थेट समवाय असूच शकत नाही, आणि 'समवाय पद्धती' हे नावच अडचणीत येते. परंतु या अडचणीतच तिचा खरा अर्थ सापडतो. दोहोंचा मेळ अभ्यासक्रमाच्या तक्त्यात होत नाही, पाठाच्या टाचणातही होत नाही. तो कातणाऱ्या मुलाच्या ठायी होतो. शिक्षक ज्याला 'समवाय' म्हणून नोंदवितो ती त्याची योजना असते. समवाय झाला की नाही हे त्या मुलाला स्वतःच्या सुताचा अंक काढावासा वाटला की नाही यावरूनच कळेल. सेवाग्रामच्या 'आनंद निकेतन' शाळेत २००५ पासून बागकाम, स्वयंपाक, सूतकताई यांना धरून शिक्षण चालू आहे. तेथील वा अन्य कोठल्याही शाळेच्या कामाचे मूल्यमापन करावयाचे तर ते विषयांच्या जोडण्या मोजून होणार नाही, हा या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.

परिभाषेच्या दृष्टीने निष्कर्ष सरळ आहे. 'कोरिलेशन'साठी मराठीत 'सहसंबंध' अथवा 'अनुबंध' हे शब्द उपलब्ध आहेत आणि शिक्षकाच्या दैनंदिन कामाला ते पुरेसे आहेत. त्यांत कमीपणा नाही, कारण तंतूंवाचून पट नाही. 'समवाय' हा शब्द मात्र वर्धा परिषदेच्या ठरावातील 'इंटिग्रली' या शब्दासाठी राखून ठेवला पाहिजे. तो पाठाला देण्याचे नाव नसून पाठाला विचारण्याचा प्रश्न आहे : यातील एक अंग काढून घेतले तर दुसरे शाबूत राहते काय? १९३७ च्या ठरावाला अभिप्रेत असलेली अपेक्षा या प्रश्नात जिवंत राहते. टाचणवहीच्या रकान्यात ती जिवंत राहिलेली नाही.